मेहुण्याच्या नावाची नळी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी साहेबांच्या मोबाइलवर जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला. त्या वेळी साहेब एका किराणा दुकानात गुडघे टेकून बसले होते आणि काट्याच्या तळाशी कोणी चुंबक चिकटवलाय का, हे बोटांनी चाचपत होते. चुंबक सापडला. दुकानदाराला घाम फुटला. पण तेवढ्यात साहेबांनी मोबाइल पाहिला आणि त्यांना दुकानदारापेक्षा जास्त घाम फुटला. दुकानदाराने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि वर म्हणाला, "साहेब, माझ्यापायी एवढं मनाला लावून घेऊ नका."

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. समोरचं माप खरं असेल तर शिक्का, खोटं असेल तर जप्ती. मधलं काही नाही. आणि आता या चौदा पानी रिपोर्टात चौथ्या पानावर लिहिलं होतं, 'अनिश्चित अर्थाचा एक बदल आढळला.' उरलेल्या तेरा पानांत प्रयोगशाळा कशाकशाला जबाबदार नाही, याची माहिती होती. अनिश्चित हा शब्द साहेबांनी उभ्या नोकरीत एकदाच वापरला होता, तोही स्वतःच्या बढतीबद्दल.

प्रकरण सुरू झालं अक्कापासून. अक्का म्हणजे साहेबांची थोरली बहीण, राहायला दुसऱ्या गावी. जिना चढताना तिला भोवळ आली, तपासण्या झाल्या आणि हृदयाची भिंत जाड झाल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात चालत आलेलं असू शकतं, भावंडांनी तपासून घ्यावं. साहेबांचे वडील चव्वेचाळिसाव्या वर्षी बुटाची नाडी बांधता बांधता गेले होते. तेव्हा सगळ्यांनी बुटाला दोष दिला होता. साहेब आता एक्कावन्न वर्षांचे. आपण वडिलांपेक्षा सात वर्षांनी मोठे झालो, हा त्यांना अधूनमधून उद्धटपणा वाटायचा.

तरी त्यांना धास्ती होती ती स्वतःची नव्हे. त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली होती आणि ती स्वच्छ होती. धास्ती होती लेकीची. लेक चोवीस वर्षांची, तरणतलावावर प्रशिक्षक. खोल पाण्यातला वर्ग तिच्याकडे. दिवसाचे चार तास पाण्यात. आजोबांचं बुटापाशी जे झालं ते तिचं पाण्यात झालं तर, हा विचार साहेबांना दात घासताना यायचा. मग ते ब्रश तसाच तोंडात धरून तिच्या खोलीच्या दारात उभे राहायचे.

"काय बाबा?"

"काही नाही. श्वास घेत्येस ना, बघतोय."

"घेत्ये. तुम्ही फेस पुसा."

तपासणी करून घ्यायच्या आधी रुग्णालयातल्या जनुकीय समुपदेशक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "सर, आधी तुमच्या बहिणीची तपासणी व्हायला हवी. आजारी माणसात काय सापडतं ते कळलं, की तेच तुमच्यात शोधता येतं. उलट बाजूने सुरुवात केली तर सापडलेल्या गोष्टीचं करायचं काय, तेच कळत नाही." बाई शांत होत्या, तिशीतल्या होत्या आणि प्रत्येक वाक्य दोनदा सांगायची त्यांची तयारी होती. पण अक्का ऐकेना. "मला झालंय ते झालंय," ती फोनवर म्हणाली. "नळीत थुंकून ते कमी होणार आहे का?" मग साहेबच थुंकले.

तेही सुखासुखी नाही. नळीवर एक रेघ होती, तिच्यापर्यंत लाळ भरायची, फेस धरायचा नाही. साहेबांनी नळी जेवणाच्या टेबलावर ठेवली, डोळा रेघेच्या पातळीत आणला आणि सवयीने रेघ तपासली. ऑफिसच्या पेटीतल्या मापाशी ताडून पाहिलं तर रेघ अर्धा मिलिलिटर वर निघाली.

"लोकांकडून लाळ जास्त घेतायत," ते गंभीरपणे म्हणाले.

"घेऊ द्या," बायको म्हणाली. "तुम्हाला ती कुठे बाजारात न्यायची आहे."

तर असा तो रिपोर्ट. दुपारी साहेबांनी बाईंना फोन लावला.

"जनुकं म्हणजे सूचनांचं एक जाडजूड पुस्तक समजा," बाई म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकात एका जागी एक अक्षर वेगळं आहे. अशी वेगळी अक्षरं प्रत्येकाच्याच पुस्तकात असतात. बहुतेकांनी काही बिघडत नाही, थोड्यांनी बिघडतं. तुमचं अक्षर आजवर इतक्या कमी लोकांत दिसलंय, की ते कुठल्या गटातलं हे सांगायला पुरावाच नाही."

"म्हणजे पास की नापास?"

"म्हणजे आम्हाला माहीत नाही, सर. पुढे पुरावा मिळाला तर कळेल. तोवर या कागदावरून कुठलाही निर्णय घ्यायचा नाही."

"मुलीची तपासणी करू?"

"या बदलासाठी नको. तिच्यात सापडलं तरी अर्थ अनिश्चितच राहणार. तिच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्या, ती जास्त उपयोगाची."

सल्ला सरळ होता. लेकीला सोनोग्राफीला न्यायचं, एवढंच काम होतं. पण 'आम्हाला माहीत नाही' असं कबूल करणारं कार्यालय साहेबांनी आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं आणि म्हणूनच त्यांना संशय आला.

संशयाला खतपाणी घालायला शेजारी होतेच. शेजारचे केमिस्ट चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवून निवृत्त झाले होते. दुकान गेलं, सल्ले राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चौदा पानं चाळली आणि घडी घालून परत दिली.

"अनिश्चित म्हणजे त्यांना कळलंय, पण तोंडावर सांगत नाहीत."

"तसं नाही, त्या बाई म्हणाल्या..."

"बाई पगारावर आहेत. मला सांगा, तुम्ही कधी एका वजनावर विश्वास ठेवता? पुन्हा वजन करता की नाही?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. साहेब तीनदा वजन करायचे. आणि दुकान फारच संशयास्पद असेल, तर खात्याची जुनी युक्ती होती. आपलाच एक माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवायचा. दुकानदाराला तो कोण हे ठाऊक नसतं आणि मापात काय चालतं ते उघडं पडतं. साहेबांनी ठरवलं, हीच लाळ, हीच प्रयोगशाळा, पण नाव दुसरं. दोन्ही रिपोर्ट जुळले तर काटा खरा.

नाव कोणाचं, हा प्रश्न नव्हता. बायकोचा धाकटा भाऊ शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. एकोणपन्नास वर्षांचा, ठणठणीत, रोज पाच मैल चालणारा आणि पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करणारा. सहीमुळे कागदाची शोभा वाढते, अशी त्याची श्रद्धा होती.

"कसली सही, दाजी?"

"तपासणी आहे एक."

"शाळेतल्या शिबिरात रक्त घेतलं होतं, त्याची का?"

साहेब "हूं" म्हणाले. एवढंच. होकार नाही, नकार नाही. सव्वीस वर्षांत त्यांनी दुकानदारांचे असले शेकडो 'हूं' जागच्या जागी पकडले होते. हा मात्र निसटला.

नळी गेली. तीन आठवडे काही घडलं नाही. एवढ्यात लेकीची सोनोग्राफी उरकता आली असती. पण साहेबांनी ती 'दुसरा रिपोर्ट आल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलली, कारण सोनोग्राफीत काही निघालं तर ते अनिश्चित नसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी साडेसात वाजता दाराची घंटा वाजली. दारात मास्तर. दाढी वाढलेली, हातात कापडात गुंडाळलेले रंगाचे ब्रश. ते त्याने भाचीच्या हातात ठेवले.

"हे तुला. चांगले आहेत. धुऊन ठेवत जा."

"मामा, झालं काय?"

"ताई," मास्तर बहिणीकडे वळला, "तुमच्या घरचं आमच्याकडे निघालं." आणि त्याने चौदा पानं टेबलावर ठेवली. फॉर्मवर मास्तरचा इमेल लिहावा लागला होता आणि रिपोर्ट आपल्याआधी त्याच्याकडे जाईल, ही गोष्ट साहेबांच्या तपशीलवार योजनेत नव्हती. मास्तरने रात्रभरात सगळी पानं वाचली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कागद आधी वाचला होता.

साहेबांनी चौथं पान उघडलं. तोच बदल, तीच जागा, तेच शब्द. त्यांना सगळ्यात आधी वाटला तो निखळ आनंद. काटा खरा होता. मग त्यांनी मान वर केली.

बायकोने तळहात छातीवर ठेवला होता. "आमच्या माहेरी हृदयाने कोणी गेलेलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळे आपापल्या हट्टाने गेलेत." आजवर हे दुखणं नवऱ्याच्या घरचं होतं आणि तिने ते मोठ्या मनाने सांभाळून घेतलं होतं. आता तिला मन कुठे ठेवावं ते कळेना.

लेक ब्रश धरून तशीच उभी होती. "भावात आहे म्हणजे आईतही असेल," ती म्हणाली. "म्हणजे मला दोन्हीकडून?"

साहेबांनी तोंड उघडलं. नेमके त्याच वेळी शेजारचे केमिस्ट आत आले. त्यांना भिंतीतून सगळं ऐकू जायचं, पण दारातून आल्याशिवाय सल्ला देता येत नसे. "दोन्हीकडून म्हणजे दुप्पट," त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं. साहेबांनी तोंड मिटलं. आत्ता सांगायचं तर या माणसासमोर सांगावं लागणार होतं. शिवाय साडेदहा वाजता व्यापारी संघात त्यांचं व्याख्यान होतं. विषय होता 'खरं माप.' ते व्याख्यान त्यांनी दिलं. वाईट झालं. मधेच एका व्यापाऱ्याने विचारलं, "साहेब, काटा खरा आणि माल खोटा असेल तर?" साहेब पाणी प्यायले आणि आभार मानून खाली बसले.

पुढचे दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मास्तरने चालणं सोडलं. तो साहेबांच्याच दिवाणखान्यात आडवा पडून मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजायचा आणि आकडा विसरला की पहिल्यापासून सुरुवात करायचा. बायकोने माहेरच्या अकरा जणांना फोन केले. त्यातल्या नऊ जणांना लगेच छातीत दुखायला लागलं. साहेब प्रत्येक जेवणाआधी ठरवायचे, आता सांगायचं. प्रत्येक जेवणानंतर ठरवायचे, पोट भरलेलं असताना असल्या गोष्टी सांगू नयेत.

मास्तरने रिपोर्टावरच्या नंबरावर फोन करून समुपदेशक बाईंची शनिवारची वेळ घेतली होती. सगळेच गेले. बाहेरच्या बाकावर लेक साहेबांच्या शेजारी बसली.

"काल मी खोल पाण्याचा वर्ग सोडला."

"का? कोणी सांगितलं?"

"कोणी नाही." ती समोरच्या दाराकडे बघत बोलत होती. "वर्गात लहान मुलं असतात, बाबा. खोल पाण्यात एकेकाला धरून शिकवते मी. मला काही झालं तर माझं सोडा. हातात धरलेल्या पोराचं काय?"

आत बोलावणं आलं.

समुपदेशक बाईंनी मोठ्या कागदावर दोन्ही घराण्यांची वंशावळ मांडायला घेतली होती. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. "मास्तर, तुमचे आजोबा कशाने गेले?"

"पोस्टाच्या रांगेत."

"कारण काय होतं?"

"रांग फार मोठी होती."

बाईंनी चौकोनात प्रश्नचिन्ह काढलं. मग पेन खाली ठेवलं. "एक विचारते, राग मानू नका. हा बदल फार विरळ आहे. परक्या दोन घरांत तो सापडणं अवघड. तुमच्या दोन्ही घराण्यांचं लग्नाआधी काही नातं होतं का?"

बायको ताठ बसली. "मॅडम, आमच्या घरच्यांनी चौकशी करून मुलगी दिली होती."

"मग दाजी माझे कोण लागतात?" मास्तरने विचारलं. त्याला खरोखरच काळजी वाटत होती.

"आता ताईंची तपासणी करावी लागेल," बाई म्हणाल्या. "आणि प्रयोगशाळेला मी कळवलंय, की एकोणपन्नास वर्षांच्या निरोगी पुरुषातही हाच बदल आहे. त्यांनी नोंद घेतली. अशा नोंदी साठत जातात, सर. उद्या दुसऱ्या कुठल्या घरात हेच अक्षर निघालं, तर तिथल्या डॉक्टरांपुढे ही नोंद असेल. निरोगी माणसात दिसलंय म्हणजे कदाचित निरुपद्रवी असेल, असा त्यांचा कल होईल."

खात्याच्या तिजोरीत प्रमाण वजनं असतात. गावातली सगळी वजनं त्यांच्याशी ताडून बघतात. त्या पेटीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक खोटं वजन ठेवलं होतं. कुठेतरी आणखी एक पोहणारी मुलगी असेल. तिच्या बापाला कोणी सांगेल, घाबरू नका, एका मास्तरमध्येही हे होतं, तो रोज पाच मैल चालतो.

ते उभे राहिले. बसून सांगता येईल असं त्यांना वाटलं नाही.

"दुसरा नमुना माझा आहे."

कोणाला काही कळलं नाही. साहेबांनी पुन्हा सांगितलं, या वेळी सगळं. नळी, सही, 'हूं' सकट.

"म्हणजे मी बरा आहे?" मास्तरने विचारलं.

"तुझी तपासणीच झालेली नाही."

मास्तरने क्षणभर विचार केला आणि भाचीकडे हात केला. "ते ब्रश परत दे."

बायको एवढंच म्हणाली, "घरी चला." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. यापेक्षा मोठी नोटीस साहेबांना खात्यातही कधी मिळाली नव्हती. लेक वडिलांकडे बराच वेळ बघत राहिली. साहेबांनी रागाची तयारी ठेवली होती, पण तिच्या नजरेत राग नव्हता. हा माणूस किती घाबरलाय, हे ती मोजत असावी.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "आईकडून काही आलंय असं म्हणायला आता आधार नाही. तुमच्यातला बदल मात्र आहे तिथेच आहे. अनिश्चित." मग त्यांनी एक कोरा कागद पुढे केला. "प्रयोगशाळेला लेखी खुलासा द्यावा लागेल. त्याशिवाय नोंद रद्द होणार नाही."

असे खुलासे साहेबांनी आजवर घेतले होते, दिले नव्हते. त्यांचा मसुदा त्यांना तोंडपाठ होता, कारण सगळ्या दुकानदारांचा तो एकच असतो. त्यांनी लिहिलं, 'नजरचुकीने माझा नमुना...' आणि थांबले. चुंबक नजरचुकीने चिकटतो, असं सांगणाऱ्या एकालाही त्यांनी सोडलं नव्हतं. त्यांनी शब्द खोडला, वर 'जाणूनबुजून' लिहिलं, खोडलेल्या जागी लहान सही केली आणि कागद बाईंना दिला.

ते बाहेर आले तेव्हा लेक जिन्यापाशी फोनवर बोलत होती. पलीकडे अक्का होती.

"नाही आत्या, बाबा बरे आहेत. लाजलेत फक्त." थोडा वेळ ती ऐकत राहिली. "तुला कोणी असं म्हणालं का? मग तू का असं धरून बसलीस?" पुन्हा ऐकून घेतलं. "तुझ्यामुळे मला काही होणार नाही. मला काय आहे ते तुझ्यामुळे कळेल. एवढाच फरक आहे."

फोन ठेवून ती साहेबांना म्हणाली, "आत्याला वाटत होतं, तिच्यात काही निघालं तर सगळे म्हणतील हिच्यापासून पोरीच्या मागे लागलं. म्हणून नको म्हणत होती."

साहेबांनी अक्काला तेरा वेळा फोन केला होता. तपासणीचे फायदे, प्रयोगशाळेचा पत्ता, नळी कशी धरायची, सगळं सांगितलं होतं. तू का नाही म्हणतेस, हे विचारायचं राहिलं होतं.

सोमवारी लेकीची सोनोग्राफी झाली. हृदयाची भिंत नेहमीसारखी आहे. डॉक्टर म्हणाले, आज ठीक आहे, वर्षाने पुन्हा बघू. शेजारच्या केमिस्टांच्या मते वर्षाने म्हणजे सहा महिन्यांनी. तलावाच्या व्यवस्थापकाने सोनोग्राफीचा कागद ठेवून घेतला आणि वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणाला. तोवर लेकीकडे कमरेइतक्या पाण्यातला वर्ग आहे. मास्तर पुन्हा चालू लागला आहे. आता तो सही करण्याआधी कागद वाचतो, त्यामुळे शाळेतली बरीच कामं खोळंबली आहेत. प्रयोगशाळेने दुसरा नमुना रद्द केल्याचं पत्र आलं. बायकोने ते वाचून फ्रिजच्या दारावर लावलं. अजून काढलेलं नाही.

अक्काची नळी प्रयोगशाळेत पोहोचून आज सोळा दिवस झाले. तिच्यात तो बदल निघाला नाही, तर तिचं दुखणं दुसऱ्या कशामुळे आणि साहेबांचं अक्षर बहुधा निरुपद्रवी. निघाला, तर पारडं संशयाच्या बाजूला थोडं झुकेल. थोडंच, कारण भावंडांत अर्धं सारखं असतंच, असं बाईंनी दोनदा सांगितलं आहे. मग लेकीचीही तपासणी करायची का, हे तेव्हा ठरेल.

नळीत थुंकून काय होणार, असं म्हणणारी अक्का आता रोज संध्याकाळी फोन करते. आज सहा वाजून चाळीस मिनिटांनी आला.

"आलं का?"

"नाही."

"बरं," अक्का म्हणाली. तिने फोन ठेवला नाही. साहेबांनीही ठेवला नाही.